पाठमोरे नाना

मापाडी नाना कुणाच्या घरी गेले की त्या घरच्या म्हाताऱ्या माणसाकडे पाठ करून बसत. उद्धटपणा म्हणून नव्हे. उंबऱ्याशी बैठक मारायची, पावट्याच्या शेंगा असोत की लसूण, हाताला लागेल ते काम ओढून घ्यायचं आणि अंगणाकडे तोंड करून सोलत राहायचं. मी आणि माझा रेकॉर्डर आत, म्हातारीसमोर. "तोंडाकडं बघत ऱ्हायलं की माणसाची वाचा बसती, ताई," असं त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं. मी तेव्हा विद्यापीठाच्या भाषाविज्ञान विभागात नुकतीच लागले होते, आणि टक लावून बघणं म्हणजेच अभ्यास अशी माझी समजूत होती.

आमचा विभाग जुन्नर-आंबेगावातल्या गावोगावच्या बोली रेकॉर्ड करत होता. नाना डिंगोऱ्याचे. मुंबईच्या धान्यबाजारात तीस वर्षं पोती मापून गावी परतले, म्हणून मापाडी. कुठल्या वाडीला जीप जाते, कुणाची आजी अजून बोलती आहे, हे त्यांना तोंडपाठ. म्हणून विभागाने त्यांना वाटाड्या म्हणून घेतलं आणि चार वर्षं ते माझ्याबरोबर हिंडले.

त्यांची खरी करामत निराळीच होती. ते मुद्दाम चुकीचं बोलत. निरगुडसरला एक आजी 'हो' आणि 'न्हाई'च्या पुढे सरकेनात. नानांनी शेंगा सोलता सोलता, कुणालाच उद्देशून नाही असं, सांगितलं की बाजरीचं पीठ महिनाभराचं दळून ठेवावं, भाकरी लई ग्वाड लागती. आजी उसळल्याच. शिळं पीठ कडू होतं इथपासून सुरू झाल्या त्या सासू, नणंद, दुष्काळ असं करत तासभर थांबल्या नाहीत. मढच्या एका आजोबांपुढे त्यांनी वरईच्या रानात भातासारखा चिखल करायची गोष्ट काढली, तेव्हा तर आजोबांनी त्यांना दंडाला धरून बाहेर नेलं आणि जिथे पाणी ठरतच नाही तो वरईचा डोंगरउतार दाखवला. "इचारलं तर माणूस लाजतं. आपण चुकलो की सुदरवायला धावतं," हे नानांचं शास्त्र. आमच्या पुस्तकांत ते कुठे नव्हतं.

नानांची इच्छा एकच होती. आपलंही बोलणं एकदा त्या यंत्रात जावं. मुंबईत लोक त्यांना गावठी म्हणत, गावात आल्यावर मुंबईवाला. डिंगोऱ्याचा माणूस म्हणून कुठेतरी आपली नोंद व्हावी, एवढंच त्यांना हवं होतं. पण आमच्या फॉर्मात 'गावाबाहेर राहिलेली वर्षे' असा रकाना होता आणि तिथे मोठा आकडा आला की माणूस बाद. नाना धान्यबाजारात शेठ लोकांशी गुजराती बोललेले, ट्रकवाल्यांशी हिंदी, हमालांशी मोडकं कानडी. आमच्या विभागप्रमुख सरांच्या मते ती भेसळ. हे मी मोठ्या शहाणपणाने नानांना सांगूनही टाकलं. त्यांनी हातातली शेंग सोलून संपवली. मग म्हणाले, "मापाडी व्हतो, ताई. भेसळ मला कळती. आधी माजं ऐका तर, मंग सांगा."

पुढच्या वेळी घेऊ, असं मी म्हणाले. हे 'पुढच्या वेळी' मी चार वर्षं म्हणत राहिले, आणि तेही दर खेपेला पिशवीत धुतलेली टोपी घेऊन येत राहिले.

तो प्रकल्प संपला. दोन वर्षांनी विभागाने नवा काढला, मुंबईहून गावी परतलेल्या माणसांच्या भाषेचा. आधी बाद केलेली माणसं आता हवी झाली. मी पहिला फोन नानांना लावला. तो काकूंनी, म्हणजे त्यांच्या मंडळींनी उचलला. नानांना लकवा मारला होता. उजवं अंग गेलं होतं, आणि बोलणंही. "तरी या," काकू म्हणाल्या. "तुमचं नाव काडलं की डोळं हालवत्यात."

गेले. नानांना खाटेवर उशीला टेकवून, टोपी घालून बसवलं होतं. मी फॉर्म भरला. नाव, गाव, बाहेरची वर्षे तीस. रेकॉर्डर सुरू केला. त्यांनी तोंड उघडलं, घशातून एक आवाज आला, पुन्हा तसाच आला, मग त्यांनी डोळे मिटून घेतले. मी रेकॉर्डर बंद केला. मला रडू आलं नाही. काहीच आलं नाही. चहा झाला, साखर बरोबर आहे का असं काकूंनी विचारलं, मी आहे म्हणाले.

निघताना काकू अंगणापर्यंत आल्या. "चार वर्सं तुमच्यासंगं हिंडले. त्यांचं बोलणं आसंलच की तुमच्याकडं. त्येवढं पाठवा. घर लई मुकं झालंय." मी हो म्हणाले.

विभागात येऊन सगळ्या फायली काढल्या. नियम असा होता की एका फायलीत एकाच माणसाचा आवाज हवा. मध्ये दुसरं कुणी बोललं तर तेवढा भाग कापायचा. कापायचं काम माझ्याकडे होतं आणि मी ते अगदी नेटाने केलं होतं. मूळ रेकॉर्डिंग जागा पुरेना म्हणून पुसून टाकलेली. निरगुडसरच्या आजी भडकलेल्या ऐकू येतात, कशाने भडकल्या ते येत नाही. मढचे आजोबा "न्हाई वो नाना, तसं न्हाई" म्हणतात, आणि नाना कुठेच नाहीत. सगळं ऐकायला मला नऊ दिवस लागले. स्वतःचा राग यायला हवा होता. तोही आला नाही, नुसतं बधिर वाटत राहिलं.

शेवटी मी आजोबांचीच फाईल काकूंच्या फोनवर पाठवली. का पाठवली, ते मला आजही सांगता येत नाही. निदान तिच्यात नानांचं नाव तरी होतं. दुसऱ्या दिवशी काकूंचा फोन आला. त्या नानांच्या फोनवरून बोलत होत्या; फाईल लावलेला त्यांचा स्वतःचा फोन नानांच्या उशाशी होता आणि दोघं ऐकत होते. मागे आजोबा वरईचं सांगत होते.

"ताई, ह्ये दुसरंच कोन तरी बोलतंय," काकू म्हणाल्या. "ह्यांचं कुठनं सुरू व्हतं?"

"थोडं पुढे आहे," मी म्हणाले.