नाव झाकून वाचायला शिकवणारे वाहुळे सर

ग्रंथपाल गंगाधर वाहुळे सरांच्या षष्ट्यब्दीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी लिहायला सांगितलं, तेव्हा मी पहिल्यांदा नकार दिला. गौरवलेखात माणूस नकळत फुगवला जातो, आणि सरांना फुगवलेली कुठलीच गोष्ट आवडत नाही. रोजनिशी लिहायची सवय असल्यामुळे सरांबद्दलच्या बऱ्याच नोंदी माझ्याकडे आहेत. पण रोजनिशीत आपण आपल्याच बाजूने लिहितो, हेही मला ठाऊक आहे. म्हणून जे सरांसमोर बसून वाचता येईल, तेवढंच इथे लिहिते आहे.

सरांची पहिली भेट मी रसायनशास्त्र विभागात रुजू झाले त्याच आठवड्यातली. प्रयोगशाळेत एका बाटलीवरची चिठ्ठी निघून गेली होती. आत काय असावं याचा मला अंदाज होता. त्या पदार्थाचा अवरक्त वर्णपट मी सहायकाकडून काढून घेतला आणि पडताळण्यासाठी संदर्भ वर्णपट मागायला ग्रंथालयात गेले. रसायनशास्त्राबाहेरच्या वाचकांसाठी सांगते: प्रत्येक पदार्थ अदृश्य उष्ण किरणांतला आपापला ठराविक भाग शोषतो, आणि यंत्र त्याची दऱ्याखोऱ्यांची एक रेषा काढतं. ती रेषा म्हणजे त्या पदार्थाचा अंगठ्याचा ठसा. आपला ठसा ओळखायचा, तर आधी कुणीतरी घेतलेला खात्रीचा ठसा शेजारी लागतो.

मी पदार्थाचं नाव सांगितलं. सर स्वतः रसायनशास्त्राचे पदवीधर. नंतर ते ग्रंथालयशास्त्राकडे वळले. त्यांनी विचारलं, "मॅडम, तेलात घेतला का मिठात?"

नमुना कशात मिसळून वर्णपट घेतला, असं ते विचारत होते. मी म्हणाले, "ते बघावं लागेल."

"मंग बघून या. पानाच्या तळाला ते लिहिलेलं असतं. आधी तळ वाचायचा, मग रेषा."

मी परत आले, तेव्हा टेबलावर संदर्भखंडांतली तीन पानं उघडी होती आणि तिन्हींवरची नावं पुठ्ठ्याच्या पट्ट्यांनी झाकलेली होती. "यातला तुमचा कोणता, ते सांगा," सर म्हणाले. मला राग आला. मी प्राध्यापक, आणि हे माझी परीक्षा घेतात! सरांनी तो राग ओळखला असावा. हसून म्हणाले, "नाव दिसलं की डोळा बेइमान होतो मॅडम. माझासुद्धा होतो."

ही त्यांची रीत. वर्णपट मागायला प्राचार्य आले काय आणि पहिल्या वर्षाचा विद्यार्थी आला काय, नावावर पट्टी पडणारच. तिचं मोल मला खऱ्या अर्थाने कळलं ते अश्विनीच्या वेळी.

अश्विनी ही माझी पीएच.डी.ची पहिली विद्यार्थिनी. राजूरला गणपतीच्या देवळाबाहेर तिच्या वडिलांचं नारळ-पेढ्यांचं दुकान आहे. त्यांच्याच शेताच्या बांधावरच्या एका झुडपातून तिने एक पांढरं, सुईसारख्या स्फटिकांचं द्रव्य वेगळं केलं होतं. ते नवीन संयुग आहे, असं प्रबंधात म्हटलं होतं. प्रबंध सादर झाला आणि एका परीक्षकांचा शेरा आला: नवीन असल्याचा दावा आहे, पण संदर्भ वर्णपटांशी तुलना जोडलेली नाही, मौखिक परीक्षेआधी जोडावी. परीक्षेची तारीख ठरलेली होती. दावा परीक्षेत कोसळला, तर प्रबंध परत येणार होता. अंबडजवळच्या एका महाविद्यालयात शिकवण्यासाठी तिची निवड झालेली होती, तीही पदवीवर अडकली होती. तिच्या वडिलांचा मला फोन आला, "मॅडम, पोरीचं बराबर होऊन जाईल ना? इकडं समदे विचारून राह्यले." मी "होईल" म्हणाले, आणि फोन ठेवल्यावर कशाच्या आधारावर म्हणाले ते मलाच सांगता येईना.

आम्ही वर्णपट संगणकातल्या संग्रहाशी ताडून पाहिला. संगणकाने क्षणात उत्तर दिलं: वनस्पतींच्या पानांवर असतं ते अगदी सर्वसाधारण मेण. जुळणी उत्तम. अश्विनी खुर्चीतच बसून राहिली. इतक्या वर्षांची मेहनत, आणि हातात काय, तर मेण.

त्याच अवस्थेत आम्ही दोघी सरांकडे गेलो. सरांनी तिचा आणि संग्रहातला, असे दोन्ही कागद खिडकीशी नेऊन एकावर एक धरले. मग त्यांनी विचारलं, "अश्विनी, नमुना कशात घोटला होता?"

"पॅराफिन तेलात, सर. मिठाची वडी दाबायचं यंत्र बिघडलंय ना."

"आन् हा संग्रहातला?"

तिने तळ वाचला. "तेलातच."

सरांनी तळहाताने रेषेतल्या तीन मोठ्या दऱ्या झाकल्या. "आता बघ बरं, उरलेलं जुळतं का?"

जुळत नव्हतं. उजवीकडच्या बारीक दऱ्यांपैकी एकही जागेवर नव्हती.

"हे मेण न्हाई गं. आपलंच तेल हाय. संगणकानं तेलाला तेल जुळवलं."

अश्विनी इतक्या मोठ्याने हसली, की वाचनकक्षातली मुलं वळून पाहू लागली. "म्हणजे नवीनच आहे, सर!"

"मेण न्हाई, एवढंच कळलं," सर म्हणाले. "मेण न्हाई म्हणजे नवीन हाय, असं कुठं असतं?"

परीक्षा तोंडावर आलेली. मला मनातून वाटत होतं की एवढं पुरे. मेण नाही हे दाखवणारा कागद जोडावा आणि मोकळं व्हावं. मी तसं सुचवलंही. सर म्हणाले, "जोडा की. मी कोण अडवणार? पण परीक्षकानं पुढचं विचारलं, तर उत्तर ही पोरगी देणार हाय, तुम्ही न्हाई."

अश्विनी बसने विद्यापीठात गेली आणि पोटॅशियम ब्रोमाइडच्या वडीत, म्हणजे सरांच्या भाषेत 'मिठात', नवा वर्णपट घेऊन आली. तोवर सर शोधाला लागले होते. त्यांचं शोधणं पाहण्यासारखं असतं. नावाच्या सूचीकडे ते जातच नाहीत. आपल्याला नाव ठाऊक असतं तर शोधलंच कशाला असतं, असं ते म्हणतात. रेणुसूत्राची सूची उघडायची, त्या सूत्राची सगळी संयुगं काढायची, वितळणबिंदू जुळत नाहीत ती गाळायची, आणि उरलेल्यांचे वर्णपट मिळतील तिथून मिळवायचे. एक आमच्याच जुन्या छापील खंडांत मिळाला. हे खंड एकदा रद्दीत निघाले होते. 'आता सगळं नेटवर आहे,' असं तेव्हाच्या प्राचार्यांचं म्हणणं होतं. सर म्हणाले होते, "बिलकुल साहेब, फक्त एकदा नेट लावून दाखवा," आणि नेमकी वीज गेलेली होती. दुसरा वर्णपट विनामूल्य संकेतस्थळावर सापडला. तिसऱ्यासाठी सरांनी दक्षिणेतल्या एका संशोधन संस्थेच्या ग्रंथपालांना ईमेल केला. त्याची वाट पाहताना अश्विनीचा धीर सुटत चालला. एकदा ती माझ्याजवळ चिडून म्हणाली, "मॅडम, सरांना मी पास व्हायला हवी का नको?" मला तिला रागावता आलं नाही.

परीक्षा अगदी जवळ आली असताना तो तिसरा वर्णपट आला. सरांनी तिन्ही पानं मांडली, नावांवर पट्ट्या ठेवल्या आणि मला म्हणाले, "मॅडम, तुम्ही जरा बाहेर थांबा. तुमचा चेहरा बोलतो."

मी दारातल्या बाकावर बसले. काचेतून अश्विनीची पाठ दिसत होती. तिचं बोट पहिल्या पानावर फिरलं आणि थांबलं, मग तिसऱ्यावर, मग पुन्हा पहिल्यावर. तिला यातलं एकही जुळू नये असं वाटत असणार. मलाही तेच वाटत होतं. शेवटी बोट दुसऱ्या पानावर गेलं आणि तिथून हललं नाही.

मला आत बोलावलं. "आता तुम्ही," सर म्हणाले. मी दऱ्या एकेक करून पाहिल्या. दुसरंच पान होतं. शंकेला जागाच नव्हती.

सरांनी पट्टी उचलली. कुणीतरी फार पूर्वी एका वेगळ्याच झाडाच्या सालीतून हे संयुग वेगळं केलेलं होतं. आमचं द्रव्य नवीन नव्हतं.

थोड्या वेळाने अश्विनी म्हणाली, "सर, न जुळणारी दोन पानं आधी दाखवली असती, तर आपण तिथंच थांबलो असतो."

"म्हणून तर तिन्ही एकदम ठेवली."

मग ते उठले, डबा उघडला आणि अर्धी भाकरी तिच्या हातावर ठेवली. "खा. रडायचं असलं तर खाऊन रड. एकट्या वर्णपटावर विश्वास ठेवायचा न्हाई. बाकीची मोजमापं पण त्या सालीवरच्या जुन्या निबंधाशी लावून बघू." ती लावली. तीही जुळली.

प्रकरण पुन्हा लिहिलं. परीक्षेच्या दिवशी सर अगदी मागच्या बाकावर बसले होते. शेरा लिहिणारे परीक्षक समोरच होते. त्यांनी विचारलं, "तुमचं नवीन संयुग कुठे गेलं?"

अश्विनीने दोन वर्णपट पडद्यावर एकावर एक ठेवले. "सर, ते नवीन नाही. ते हे आहे. माझा दावा मी मागे घेते."

परीक्षक म्हणाले, "मग तुमच्या प्रबंधात उरलं काय?"

तिने पुढचं पान पडद्यावर आणलं. "हे झुडूप ते संयुग तयार करतं, हे आधी कुणी नोंदवलेलं नाही. या दोन झाडांचं एकमेकांशी नातंही नाही. आणि फुलं येण्याच्या काळात ते वाढतं, हे माझ्या मोजमापांतून दिसतं. एवढं उरलं."

परीक्षक बराच वेळ पानं उलटत राहिले. मग समिती आत गेली. तिचे वडील माझ्याजवळ येऊन हळूच विचारत होते, "नापास केलं का हो?" या वेळी मी "होईल" म्हणाले नाही.

समिती बाहेर आली. पदवीची शिफारस झाली होती. शेरा लिहिणाऱ्या परीक्षकांनी तो तुलनेचा कागद स्वतःजवळ ठेवायला मागून घेतला. अश्विनी धावत मागच्या बाकाकडे गेली आणि सरांच्या पायाशी वाकली, तसे सर मागे सरकले. "पाया पडू नको. आधी ते खंड परत कर, जल्दी. दुसऱ्यानं मागितले तर मी काय सांगू?"

आज अश्विनी स्वतः शिकवते. केदारखेड्याहून आलेल्या सरांनी या ग्रंथालयातून अशी किती माणसं तयार केली, याची यादी या ग्रंथात इतर कुणी देतील. मी एकीचंच सांगितलं, कारण ते मी पाहिलं आहे.

सर, येत्या महिन्यात आपण निवृत्त होत आहात. आपली दृष्टी, गुडघे आणि थट्टा करायची खोड शाबूत राहोत, घरच्यांना आपला भरपूर सहवास मिळो, आणि आपल्याला दीर्घ, निरोगी आयुष्य लाभो. यात आमचा थोडा स्वार्थही आहे. आम्हाला अजून पुष्कळ वेळा चूक ठरायचं आहे, आणि तेव्हा समोर आपण असावं, असं फार वाटतं.