चिखल न लागलेल्या जर्सी

साबणकाकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली ती पेपरातल्या एका कात्रणामुळे. फुटबॉल क्लबच्या मॅनेजरने ते हौसेने धुण्याच्या खोलीच्या दारावरच चिकटवलं होतं. नऊ वर्षांपूर्वी क्लब वरच्या डिव्हिजनमध्ये चढला, तेव्हा शेवटच्या सामन्याआधी एक्केचाळीस गुण होते, मधे घसरून खाली आल्यावर यंदाही एक्केचाळीसच. आता एक बरोबरी पदरात पडली की काम फत्ते, इतिहास पुन्हा घडणार, असं खाली छापलेलं.

"डोंबल घडणार," काका म्हणाले आणि बादली नळाखाली आपटली.

सव्वीस वर्षं क्लबचे कपडे त्यांनी धुतले होते. सामने बघायला सवड कमीच, पण हंगाम कसा चाललाय ते त्यांच्या हाताला कळायचं. त्या साली जर्सी यायच्या त्या कॉलरपर्यंत चिखलाने कडक झालेल्या. बायको मदतीला बसायची आणि ब्रश घासता घासता विचारायची, हे खेळतात की शेत नांगरतात? शिवाय तेव्हाच्या कॅप्टनचा दंडक होता: ज्याने त्याने आपली जर्सी सुलटी करून नळावर आणायची आणि पहिला चिखल स्वतः काढायचा. उलटी आणली तर दहा जर्सी पिळायच्या. कॅप्टनने स्वतःही एकदा पिळल्या होत्या, आणि वर काकांच्या शिव्या खाल्ल्या होत्या.

आणि यंदा? बोळात ढीग. बाह्या उलट्या, वर कुणाचा तरी ओला टॉवेल. जर्सीला अत्तराचा वास, आणि डाग शोधायचा तर चड्डीच्या बुडाला. बसून बसून पडलेला. म्हणे गुण सारखे! समोरच्यांनी चुका केल्या म्हणून मिळालेले गुण ते, काकांना कोण शिकवणार?

राग गिळताही येत नव्हता, कारण मॅनेजरने स्पष्ट सांगून ठेवलं होतं. चढलो तर नवं मशीन येईल आणि काका कायम. नाही चढलो तर कपडे बाहेर लाँड्रीत जातील आणि खोलीची किल्ली परत द्यायची. म्हणजे सव्वीस वर्षांचं काम या अत्तरवाल्यांच्या भरवशावर!

त्या सोमवारी काकांनी जन्मात केलं नव्हतं ते केलं. जर्सी धुतल्याच नाहीत. नुसती इस्त्री मारली, घड्या घातल्या आणि कपाटात ठेवल्या. शुक्रवारी कपाट उघडलं की बोंबाबोंब होईल, कॅप्टन तणतणत येईल, मग त्याला तोंडावर सुनवायचं, असा त्यांचा बेत. फक्त चार नंबरची तेवढी धुवावीच लागली. ती नेहमीसारखी चिखलाने माखलेली. नऊ वर्षांपूर्वीच्या त्या संघातला हा खेळाडू एकटाच उरलेला, छत्तिशीचा, दोन्ही गुडघ्यांना पट्ट्या.

शुक्रवारी कोणीच आलं नाही. शनिवारी त्याच जर्सी घालून संघ उतरला आणि दोन शून्यने हरला.

सामन्यानंतर काका खेळाडूंच्या खोलीत गेले. मॅनेजर सगळ्यांची समजूत काढत होता, की गुण तर त्या सालाएवढेच होते, आज नशीबच फिरलं.

"नशिबाला कशाला बोल लावता?" काका दारातूनच म्हणाले. "या जर्सी मी धुतल्याच नव्हत्या. मागच्या सामन्याच्या तशाच इस्त्री करून दिल्या."

कॅप्टनने बाही उचलून नाकाशी नेली.

"हो का? कळलंच नाही, काका."

काकांनी किल्ली मॅनेजरच्या शेजारी बाकावर ठेवली आणि आपला ब्रश आणि साबणाचा डबा आणायला गेले.

नळावर चार नंबर उभा होता. जर्सी सुलटी करून, वाकून, पहिला चिखल काढत होता. वर न बघता म्हणाला, "हरलो, काका."

ही खोली आता माझी नाही, असं सांगायला काकांनी तोंड उघडलं. पण तेवढ्यात त्यांची नजर जर्सीवर गेली आणि ते भडकले.

"कॉलर कोण घासणार, तुझा बाप?" त्यांनी जर्सी हिसकावून घेतली आणि ब्रश घेऊन फरशीवर बसकण मारली. "बादली भर. तीन पाणी लागतील हिला."