मिग, सेबर आणि माझा तक्ता

फळ्यावर मधोमध उभी रेघ मारायची, डावीकडे मिग-१५ लिहायचं आणि उजवीकडे सेबर. दरवर्षी संक्रांतीच्या आसपास हा तास मी घेत आलो. बीडमध्ये क्लासेसचा सुळसुळाट आहे, एकेका गल्लीत चार-चार पाट्या लटकतात आणि फिजिक्स सगळेच शिकवतात. पण मिग-सेबरचा तास फक्त माझ्याकडे होतो, याचा मला भलताच माज होता. या वर्षी संक्रांत होऊन पंधरवडा उलटला तरी ती रेघ मी मारलेली नाही. पोरं दोनदा विचारून गेली. मी सिलॅबस राहिल्याचं कारण सांगितलं.

तासाची रीत ठरलेली होती. दुसरं महायुद्ध संपल्यावर दोन-तीन वर्षांत ही दोन लढाऊ जेट विमानं तयार झाली, एक रशियाचं आणि एक अमेरिकेचं. दोघांचे पंख मागे कललेले, दोघांच्या नाकाला मोठं भोक. लांबून पाहिलं तर सख्खी भावंडंच. कोरियाच्या आकाशात ती समोरासमोर आली. मी एकेक ओळ भरत जायचो. वजनाला मिग हलकं. चढायला मिग सरस. सेबर जिथे धापा टाकतं त्याच्याही वर मिग जाऊन बसतं. मिगच्या तीन तोफा, त्यातल्या मोठीचा एक गोळा बसला तर खेळ खलास. सेबरच्या सहा मशीनगन, आणि त्यांच्या गोळ्या खाऊन चाळणी झालेलं मिग पुष्कळदा घरी परत जायचं. मग मी विचारायचो, बोला, तुम्हाला यातलं कुठलं पाहिजे? सगळे हात मिगला. आकड्यांमुळे तर खरंच, पण दुसरंही कारण होतं. मिग म्हणजे आपलं, आणि सेबर म्हणजे पासष्टच्या लढाईत पाकिस्तानकडचं. आमच्याकडे विमानाचीही सोयरीक बघतात.

मग मी तक्त्यात नसलेली ओळ सांगायचो. दांडी, म्हणजे वैमानिकाच्या हातातली, विमान वळवायची. वेग फार वाढला, विशेषतः वरून खाली सूर मारताना, की मिगची दांडी जड होत जायची. नाक वर घ्यायला वैमानिकाला दोन्ही हातांनी ओढावं लागे. एका मर्यादेपुढे वेग गेला की त्याचे हवेतले ब्रेक आपोआप उघडत, कारण त्यापुढे ते आवरणार नाही हे बनवणाऱ्यांनाही ठाऊक होतं. नंतर निघालेल्या सेबरची शेपटी मात्र तेलाच्या दाबावर हलायची, दांडी हलक्या हाताने वळे. चढताना मिग भारी, उतरताना सेबर. आणि झटापट लांबली की विमान तसंच राहतं, हात थकतो. ‘हात थकतो’ हे दोन शब्द मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहायचो आणि क्लास चिडीचूप व्हायचा. जिंकणं-हरणं वैमानिकाच्या तालमीवरही होतं, पण ते मी शेवटच्या मिनिटात उरकायचो.

हे वेड तलवाड्यातलं. आमच्या गुरुजींच्या घरच्या रद्दीत एक फाटकं मासिक सापडलं होतं, त्यात दोन पानांवर ही दोन विमानं समोरासमोर होती. मी तेव्हा नऊ वर्षांचा, धाकटा भाऊ सहा. शेरडं राखताना आम्ही टेकडीवर हात पसरून उडायचो. तो मिग, कारण चढावर तो मला कधीच हाती लागत नसे. मी सेबर, कारण मला पळायचं जिवावर येई आणि सेबरचा जोर उतारावर आहे हे मी वाचून ठेवलं होतं. उतारावर मी त्याला गाठायचो आणि पाडायचो. तो गुडघे फोडून घ्यायचा, रडायचा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मिगच व्हायचा.

तीन पावसाळ्यांपूर्वी या भावाने कारखान्याला ऊस वाहायला जुना ट्रॅक्टर घ्यायचं ठरवलं. दोन बघून ठेवले आणि मला बोलावलं. घरात शिकलेला मी एकटा, त्यामुळे विहिरीपासून लग्नापर्यंत सगळ्यांत माझा शब्द शेवटचा. मी वहीच्या पानावर मधोमध रेघ मारली. एकाचं इंजिन दांडगं होतं, ओढ जबरदस्त, टायर बरे. दुसरा जरा कमी ताकदीचा, पण पॉवर स्टेअरिंगचा. सात ओळींत पहिला पाच ठिकाणी पुढे. स्टेअरिंगची ओळ मी घातलीच नाही.

भाऊ दुसऱ्यावर बसून आला होता. म्हणाला, “दादा, ह्याचं स्टेअरिंग एका बोटानं फिरतंय बघ. लई हलकं हाय.”

मी म्हणालो, “अरे, बोटाने स्टेअरिंग फिरवून कुणी ऊस ओढत नसतो.”

तिथे उभे असलेले चार-पाच जण हसले. भाऊही हसला. त्याने पहिला ट्रॅक्टर घेतला, माझ्या तक्त्याचा फोटो काढला, खाली माझं तेच वाक्य लिहिलं आणि गावच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर टाकलं. बीडला परतताना एसटीत मी येणारे अंगठे बघत बसलो होतो.

पहिला हंगाम गोदाकाठच्या काळ्या रानात गेला. चिखलात इतरांचे ट्रॅक्टर रुतायचे, याचा ओढून निघायचा. भावाचं नाव झालं, आणि तक्त्याचंही. दुसऱ्या हंगामात मात्र त्याच्या टोळीला, म्हणजे ज्या तोडकऱ्यांचा ऊस तो वाहायचा त्यांना, कपिलधारकडच्या डोंगरपट्ट्यातला ऊस नेमून मिळाला. ऊस वर आणि कारखाना खाली. रोज घाट चढायचा तो रिकामा, आणि उतरायचा तो दोन ट्रॉल्या काठोकाठ भरून.

त्या डिसेंबरात एका रविवारी मी तलवाड्याला गेलो. जेवताना भावाच्या बायकोने त्याची भाकरी मोडून ताटात ठेवली. चहाचा ग्लास त्याने दोन्ही तळव्यांत धरला. मी म्हणालो, “काय रे, नव्या नवरदेवासारखे लाड चाललेत!” ती हसली नाही.

“मनगटं सुजत्यात,” भाऊ म्हणाला. “उतरताना मागून दोन्ही ट्रॉल्या ढकलत्यात, म्होरली चाकं दबत्यात. स्टेअरिंग हालत न्हाई. तिसऱ्या वळणावर हातात काय ऱ्हात न्हाई बघ.”

मी काय करावं? उतारावर ब्रेक लावला की भार पुढच्या चाकांवर कसा सरकतो, ते त्याला समजावून सांगितलं. ताटातल्या वरणात बोटाने आकृती काढली. तो मान डोलावत होता. त्याची बायको म्हणाली, “भावजी, मंग करायचं काय ते सांगा की.” मी म्हणालो, सावकाश उतरायचं. त्या घरातून मी पोटभर जेवून आणि शिकवून निघालो.

गेल्या संक्रांतीला तो ट्रॅक्टरचा कुठला तरी पार्ट घ्यायला बीडला आला. दुकान उघडायला वेळ होता, म्हणून क्लासवर आला. मी त्याला शेवटच्या बाकावर बसवलं आणि मुद्दाम तोच तास काढला. मला मिरवायचं होतं, दुसरं काही नाही. हात वर करा म्हटल्यावर पोरांबरोबर त्यानेही मिगला हात वर केला. छातीपर्यंत नेला आणि तिथेच थांबवला, खांदा साथ देत नव्हता. मला हसू आलं, टेकडी आठवली. मग मी दांडीवर आलो. चढताना मिग, उतरताना सेबर, हात थकतो. खडूने दोन शब्द लिहून मागे वळलो तेव्हा सगळा क्लास माझ्याकडे बघत होता आणि तो स्वतःच्या मनगटांकडे.

मला तेव्हा कळलं. इतकी वर्षं शिकवलेलं मला त्या क्षणी पहिल्यांदा कळलं.

खाली रिक्षा थांबतात तिथे तो बोलला. आवाज चढवला नाही.

“दादा, हे तुला आधीपसून ठावं व्हतं?”

“हो.”

“कवापसून?”

“लहानपणापासून.”

“मंग मला कावून ती गाडी घ्यायला लावली?”

मी म्हणालो, काळ्या रानाचा विचार केला होता, घाट येईल हे कुणाला माहीत होतं. ते खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. खरं हे की तो तक्ता करताना मला ट्रॅक्टर दिसतच नव्हता. मला पाच विरुद्ध दोन दिसत होतं, आणि भोवती ऐकणारी माणसं. मी म्हणालो, बदलून टाकू, उद्याच.

“आता न्हाई. टोळीला शब्द दिलाय. हंगाम तडीला न्यावा लागंल,” तो म्हणाला आणि रिक्षात बसला.

मी आग्रह केला नाही. बदलायची कटकट टळली म्हणून मला क्षणभर बरंच वाटलं, आणि त्याची आजही लाज वाटते. त्यानंतर मी त्याला एवढंच सांगितलं, की घाट उतरलास की मला मिस्ड कॉल देत जा. दुपारी दोनच्या सुमाराला फोन एकदा वाजायचा आणि बंद व्हायचा. मी टेबलावर फोन ठेवून शिकवायचो. दोन वाजून गेले की माझी गणितं चुकायची आणि पोरं चुका दाखवायची.

फेब्रुवारीत एके दिवशी सव्वातीनला फोन आला आणि तो वाजतच राहिला. पलीकडे गावातला एकजण होता. तोही त्याच घाटातून ऊस वाहायचा आणि मागून येत होता. तिसऱ्या वळणावर ट्रॉल्यांनी रेटलं, भावाला स्टेअरिंग पुरतं वळवता आलं नाही, आणि दरीकडे जाण्यापेक्षा त्याने उरलीसुरली ताकद लावून ट्रॅक्टर डोंगराच्या भिंतीवर घातला. ट्रॉल्यांवर कुणी बसलेलं नव्हतं. भिंतीला चाक धडकताच स्टेअरिंगने उलटा हिसका दिला आणि त्याच्या उजव्या हाताची मनगटाजवळची दोन्ही हाडं मोडली.

दवाखान्यात भाऊ शुद्धीवर होता. मला बघून म्हणाला, “दादा, मिग पडलं बघ.” मी रडलो. तो डाव्या हाताने माझा हात थोपटत राहिला. हाडं जुळली, पण मूठ आजही पुरती वळत नाही. यंदा तो शेतावरच असतो आणि ट्रॅक्टर पत्र्याच्या शेडमध्ये उभा आहे.

त्याला घेऊन आलेला तो गावकरी वॉर्डाबाहेर बसला होता. त्याने खिशातून फोन काढून माझ्यापुढे धरला.

“सर, हा तुमचाच तक्ता ना? जपून ठिवलाय म्या. ह्यावरच मी बी तसलीच गाडी घेतली. गावात तसल्या चार झाल्यात आता.”

माझ्या अक्षरातली रेघ, सात ओळी, खाली माझं वाक्य. मी त्याला तिथेच सगळं सांगितलं. घाटात ती गाडी घालू नका म्हणालो. तो आदराने ऐकत होता, दर वाक्याला “व्हय सर” म्हणत होता. घरी येऊन मी नवा तक्ता केला. त्यात आठवी ओळ घातली, स्टेअरिंग, आणि पुढे लिहिलं: उतारावर हात थकतो. फोटो काढून ग्रुपवर टाकला. मग तीन-चार अंगठे आले, एकाने हात जोडले. शेवटी त्या गावकऱ्याचं उत्तर आलं, पुढे हसरा चेहरा लावून.

“बोटानं स्टेअरिंग फिरवून कुणी ऊस ओढत नसतो, सर.”

यंदाही कपिलधारकडचा ऊस त्या गावकऱ्याच्या टोळीला मिळालाय. मी त्याला चारदा फोन केला, पाचव्यांदा त्याने उचलला नाही. आता दुपारचा दीड वाजलाय. तो वरून निघाला असेल.