राजाची एक उडी

अक्का हसल्या की समोरचा घाईघाईनं पट न्याहाळायला लागायचा. एरवी गप्प गप्प असणारी ही बाई पटावर हसली, की समजावं, कुणाचा तरी हत्ती गेला!

अक्का म्हणजे माझ्या सासऱ्यांची थोरली बहीण. निजामाचा अंमल होता. जळकोटात मामंजींचं धान्याचं दुकान, आणि दुकानाच्या ओट्यावर अक्कांनी खणाचे तुकडे जोडून शिवलेला पट. एका घोड्याचं डोकं उडालेलं, पण त्याची ऐट काही कमी नव्हती. गावातले भलेभले त्या ओट्यावर हरून गेले.

आताच्या पोरांना सांगितलं तर हसतात, पण आमचं देशी बुद्धिबळ निराळंच हो! प्यादं पहिल्या चालीलासुद्धा एकच घर जायचं. पलीकडच्या टोकाला पोचलं, की ते घर ज्या मोहऱ्याचं, तेच मोहरं व्हायचं. उठसूट सगळ्यांना वजिरी नाही. आणि राजाला सबंध डावात एकदाच घोड्यासारखी अडीच घरं उडी. तीही पहिला शह बसायच्या आत. शह बसला, की उडी गेली ती गेलीच. मला डाळ निवडता निवडता अक्कांनी हे शिकवलं. दर वेळी बोट नाचवून म्हणायच्या, "उडी हाय तवर राजाचा भरवसा धरू नये. कुठं जाईल, सांगता येत न्हाय!"

वजिरानं मात केलेली त्यांना खपायची नाही. "त्यात काय लई मोठं? वजिरानं कुणीबी मारतंय." खरी मात प्याद्याची. डाव मांडतानाच त्या एका प्याद्याला तांबडा दोरा बांधायच्या आणि सांगून टाकायच्या, "ह्यानंच मारीन." आणि मारायच्या!

मला सोलापूरला शिक्षिकेच्या ट्रेनिंगला जायचं होतं. तिथं इंग्रजी मुलखात माझे मामा राहायचे. आमचे हे तयार होते, पण वडिलांपुढं यांची जीभ टाळ्याला चिकटायची. मामंजींनी एका शब्दात निकाल लावला, "सून परमुलखात? न्हाय." मी चुलीपुढं बसून रडले. अक्का उठल्या आणि त्यांनी ओट्यावर पट पसरला.

"मल्लू, बस," त्या मामंजींना म्हणाल्या. "म्या प्यादेमात दिली तर पोरगी जाईल."

"आन् न्हाय दिली तर?"

"तर ह्या पटाला म्या जन्मात हात लावणार न्हाय."

त्या पटावाचून अक्कांजवळ दुसरं होतंच काय हो!

बाजाराचा दिवस. धान्य घ्यायला आलेले लोक पोती तशीच टाकून ओट्याभोवती जमले. मी दाराआड. डाव जेमतेम रंगतोय तोच अक्कांनी उंट पुढं दामटला, "शह!" मामंजींच्या वजिरानं तो उंट गपकन खाल्ला. "अक्का, उंट फुकट घालवलात की!" लोक चुकचुकले. अक्का मान खाली घालून म्हणाल्या, "व्हय बाबा, चुकलंच." मला तर रडूच फुटलं.

दुपार टळली. दोऱ्याचं प्यादं एकेक घर सरकत राजाशी येऊन भिडलं. मामंजींना फास दिसला. त्यांनी मांडीवर थाप मारली, "ही घ्या उडी!" आणि राजा उचलून अडीच घरं पलीकडं ठेवला.

अक्का हसल्या.

"ठेव मागं. उंटानं शह दिलता, इसरलास व्हय? उडी तवाच गेली."

हात लागलेलं मोहरं चालवायचंच, हा त्या ओट्याचा कायदा. राजाला जायला एकच घर उरलं होतं. तो तिथं गेला आणि तांबडा दोरा एक घर पुढं आला. मात! काय आरोळी उठली म्हणता! मी डोक्यावरचा पदर विसरून चक्क सासऱ्यांसमोर नाचले. मामंजींनी आपला राजा पटावर आडवा केला. मग म्हणाले, "उद्याच्या मोटारीनं जा म्हणावं तिला."

निघताना अक्कांनी ते प्यादं माझ्या मुठीत कोंबलं. मी त्यांना घट्ट धरून म्हटलं, "अक्का, तुम्हीही चला ना सोलापूरला!"

"म्या? मला नवव्या वर्षीच शह बसला गं," त्या म्हणाल्या. कुंकू गेलं तेव्हा त्यांचं वय तेवढंच होतं. "तुझी उडी अजून हाय. जा."

मोटारीत मी नाक्यापर्यंत रडत होते.

पहिल्या सुट्टीत घरी आले ते प्यादं परत द्यायचं ठरवूनच. ओट्यावर डाव मांडलेला होता आणि प्याद्याच्या जागी सुपारी. अक्का तिला तांबडा दोरा बांधत होत्या. मामंजी घाम पुसत होते. आणि दाराआड, मी उभी राहायची तिथंच, माझी धाकटी नणंद पाटी छातीशी धरून उभी होती.