जुन्याच मापाने

माझी बायको माणसाच्या तोंडाकडे आधी पाहायचीच नाही. आधी खांदे, मग बगल, मग कंबर, आणि वेळ उरला तर तोंड. नवीन बाई दारात उभी राहिली की हिची नजर तिच्यावरून अशी फिरायची की त्या बाईला पदर सावरावासा वाटायचा. "बसा" म्हणायच्या आधीच माप घेऊन झालेलं असायचं. गळ्यात टेप होता, पण तो गिऱ्हाइकाच्या समाधानापुरता. तिचं खरं माप बोटांचं. दोन बोटं सैल, चार बोटं खाली, एक वीत उंच. त्या बोटांनी शिवलेला ब्लाउज दुरुस्तीला परत आलेला मी पाहिला नाही. माझ्या पँटी यायच्या. खोटं कशाला सांगू.

नागपूरला इतवारीत भांड्यांच्या दुकानांमागच्या गल्लीत आमचं दुकान होतं. पुढे मी, पँट-शर्ट. मागच्या खोलीत ती, ब्लाउज. शिंप्याला आमच्याकडे मास्टर म्हणतात, म्हणून मी मास्टर आणि ती मास्टरीण. तिला नावाने हाक मारणारं कोणी उरलं नव्हतं. मीसुद्धा नाही. मी तिसरी शिकलो, ती चौथी. ती एक इयत्ता तिने मला जन्मभर ऐकवली.

बायका नमुन्यासाठी जुना ब्लाउज आणून देतात, त्याला मापाचा ब्लाउज म्हणतात. तो हातात आला की मास्टरीण आधी उलटा करायची. "मास्टर, बाहेरून सगळंच झकास दिसते. आतून पाहा लागते," म्हणायची. कुठली टीप उसवली, कुठे आत घेतलं, बगलेत कापड किती विरलं, हे ती पेपर वाचल्यासारखं वाचायची. एका भांडेवाल्याची बायको सोमवारचे उपास करत होती. नुसती पाण्यावर आहे असं गल्लीभर सांगत होती. तिचा ब्लाउज सैल करायला आला. मास्टरीणने तो उलटा केला, पाहिला आणि तिच्या तोंडावर म्हणाली, "काहून वं, पाण्यानं इतकी भरली?" ती बाई सहा महिने आमच्या गल्लीतून गेली नाही. मग आलीच. जाते कुठे?

आमचं भांडण एकाच गोष्टीवरून व्हायचं. ती ब्लाउजच्या आत दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटं कापड जास्त सोडायची. मी म्हणायचो, "कापड वाया जाते, बाईले बोचते, कायले सोडते इतकं?" ती दातात दोरा धरून बोलायची. "बाईचं अंग जन्मभर एका मापाचं राहत नाही, मास्टर. तुमच्या पँटवाल्याचं असन."

आमच्या भिंतीला भिंत लावून सिंधूताई राहायच्या. नवरा लवकर गेला, एकुलती एक पोरगी सुनंदा. ही सुनंदा लहानपणापासून आमच्या मशीनजवळ चिंध्या गोळा करत बसायची. मास्टरीणने तिला टाके शिकवले. सत्तर सालाच्या आसपास तिचं लग्न झालं आणि ती विलायतेला गेली. नवरा बर्मिंगहॅमकडे मोटारीच्या कारखान्यात होता. लग्नातले सगळे ब्लाउज मास्टरीणचे. निघताना सुनंदा सिंधूताईंच्या गळ्यात पडून रडली आणि मास्टरीणच्या गळ्यात पडून रडली. माझ्या फक्त पाया पडली.

त्या काळी तिकडे गेलेलं माणूस पत्रापुरतंच उरायचं. निळं पत्र यायचं. सिंधूताई ते दारात उभ्या राहून वाचून दाखवायच्या. थंडी फार आहे, आम्ही मजेत आहोत, काळजी नसावी. दर पत्रात हेच. दीड-दोन वर्षांनी कोणी ना कोणी नागपूरचा माणूस तिकडून यायचा, तो सुनंदाचा मापाचा ब्लाउज आणायचा आणि परत जाताना नवे ब्लाउज आणि मुगवड्यांचा डबा न्यायचा. मास्टरीण म्हणायची, "पत्र तुमच्याजवळ राहू द्या सिंधूताई, मले ब्लाउज द्या. पत्र लिहितांनी माणूस विचार करते. टाका घालतांनी कोण विचार करते?" पहिल्या खेपेला तिने ब्लाउज उलटा केला आणि हसली. आत सोडलेलं कापड एक बोट सैल केलेलं होतं. "दिवस गेले आहे तिले," म्हणाली. महिन्याने पत्र आलं तेव्हा गल्लीला कळलं.

तिसऱ्या खेपेची गोष्ट सांगायची आहे. एक तरुण इंजिनियर आला होता. बायकांच्या कपड्याचा पुडा हातात, त्यामुळे बिचारा घाम पुसत होता. सिंधूताईंच्या हातात पुडा दिला, चहासुद्धा न घेता पळाला. आत सुनंदाची चिठ्ठी होती. सोबत मापाचा ब्लाउज आहे, याच मापाने चार शिवून घ्यावे, बाकी सर्व ठीक.

मास्टरीणने ब्लाउज उलटा केला आणि ती खाली बसली. शिवण तिचीच होती, सुनंदाच्या लग्नातला जांभळा ब्लाउज. पण दोन्ही बाजूंनी तो दोन-दोन बोटं आत घेतलेला होता. हाताने, वाकड्यातिकड्या टाक्यांनी. सिंधूताई घरी गेल्या. मग मला आत बोलावलं.

"मास्टर, पोरगी वाळून राहिली."

"असन थोडी बारीक झाली. तिकडे पाव खाते लोकं."

"पावानं बाई चार बोटं उतरत नाही. आणि टाके पाहा. हे मी शिकवलेले टाके होय काय? हात थरथरते तिचा."

मी म्हटलं, सिंधूताईंना सांगून टाक. ती माझ्यावर चिडली. "त्या बाईनं ते ऐकून काय कराव? विमानात बसून जाव?" मी म्हटलं, मग तू सुनंदाला पत्र लिही. "पत्र नवऱ्याच्या हातात पडते. त्याचाच तरास असन तर?" मग ब्लाउज मांडीवर घेऊन म्हणाली, "ब्लाउज कोणता नवरा उलटा करून पाहत नाही."

चार ब्लाउज शिवले. चारही जुन्या मापाने. आत घेण्याआधीच्या टिपेच्या खुणा कापडावर होत्या, त्या धरून. मी म्हटलं, "अवं, तिनं लिहिलं ना, याच मापानं. होणार नाही ते तिले. ढगळ होईन."

"बारीक मापानं शिवून देल्लं तर ती तशीच राहीन. तिनं भरलं पाहिजे."

तिने कापड बेतायच्या खाकी कागदाचा एक तुकडा घेतला आणि पेन्सिलने लिहिलं. नाव घातलं नाही, कोणाच्या हाती लागलं तर म्हणून. मी शेजारी उभा होतो, मला अजून पाठ आहे. "बाई, दोन्हीकडून दोन बोटं. जेवत नाही काय? काय झालं ते कोणाला तरी सांग. मी जुन्याच मापाने शिवलं. भरून दाखव. मास्टरीण." कागदाची घडी केली आणि एका ब्लाउजच्या पाठीत अस्तराखाली चार टाक्यांनी अडकवली. दिवाळीच्या आधी परत जाणाऱ्या एका माणसाबरोबर पुडा गेला.

मग वाट पाहणं. जांभळा ब्लाउज तिने परत दिला नाही, खुंटीला अडकवून ठेवला. सिंधूताई पत्र वाचून दाखवायच्या, सर्व मजेत, आणि ही मान हलवायची. जेवायला बसली की अर्ध्या भाकरीवर उठायची. मी ओरडलो, "ती तिकडे जेवत नाही म्हणून तू इकडे उपाशी मरते काय?" तर म्हणाली, "तुम्ही जेवा. तुमच्या घशात काही अडकत नाही." खरं होतं. माझ्या घशात अडकत नव्हतं. मी जेवत होतो.

हिवाळा संपता संपता पोस्टमन आमच्या दुकानात निळं पत्र घेऊन आला. आमच्या घरी विलायतेचं पत्र पहिल्यांदाच आलं. वर लिहिलेलं, मास्टरीण, मास्टरच्या दुकानात, इतवारी. ती हात पुसून आली, पण उघडेना. मीच फाडलं आणि अक्षर लावत वाचलं.

सुनंदाने लिहिलं होतं, "मावशी, तो ब्लाउज माझा होता पण माझ्या अंगावरचा नव्हता. आमच्या वरच्या खोलीत हिंगणघाटची कुसुम राहते. ती दोन ब्लाउज घेऊन या थंडीत आली होती, म्हणून मी माझा दिला. तिने तो आत घेतला. चारही ब्लाउज तिच्यासाठीच हवे होते, तसा निरोप मी पुडा आणणाऱ्याजवळ दिला होता. मी तर इकडे म्हशीसारखी झाली आहे, तुम्ही सोडलेलं सगळं कापड संपलं."

इथे मास्टरीण मोठ्याने हसली. "माय वं! तो लाजरा पोट्टा निरोप विसरला!" ब्लाउजचा निरोप पुरुषमाणूस काय सांगणार. मीही हसलो. मग पुढचं वाचलं.

कुसुमचं पहिलं मूल पोटातच गेलं होतं. हिंगणघाटला कळवलं नव्हतं, खाली राहणाऱ्या सुनंदालाही नाही. नवरा रात्रपाळीचा, दिवसभर झोपायचा, आणि ही त्या एका खोलीत भांड्याचा आवाज न करता बसून राहायची. जिन्यात भेटली की सुनंदाकडे पाहून हसायची. नवा ब्लाउज घालायला घेतला तेव्हा पाठीत काहीतरी टोचलं. चिठ्ठी वाचून ती तशीच खाली आली आणि सुनंदाच्या स्वयंपाकघरात बसून दुपारभर रडली. "आता ती रोज माझ्याकडे जेवते. नवऱ्याला आम्ही पाळी बदलायला लावली. मावशी, मी रोज पाहत होते आणि मला दिसलं नाही." पत्राच्या तळाशी दुसरं बारीक अक्षर होतं. "मावशी, तुम्ही मला ओळखत नाही. मी भरून दाखवीन. कुसुम."

मास्टरीणने पत्र माझ्या हातातून घेऊन घडी केलं. मग म्हणाली, "मास्टर, माणूस चुकलं माझं. माप नाही चुकलं." उठली, वांगी चिरायला घेतली. त्या दिवशी तिने तीन भाकरी खाल्ल्या. मी मोजल्या.

तेव्हापासून दोन मापाचे ब्लाउज यायचे. सुनंदाचा आणि कुसुमचा. कुसुमचा आला की ती आधी तो उलटा करायची आणि मला हाक मारायची. "एक बोट भरली, मास्टर." पुढच्या वेळी, "दिवस आहे वाटते." मग एक मुलगी झाली, एक मुलगा झाला. सुनंदा दोनदा नागपूरला येऊन गेली. कुसुमला कधी जमलं नाही. एकदा वडील गेले म्हणून आली ती हिंगणघाटहूनच परत गेली. कोणी विचारलं तर मास्टरीण म्हणायची, "तिचं तोंड कसं आहे मले मालूम नाही. खांदे मालूम आहे."

मास्टरीण गेली. कशाने गेली ते डॉक्टरने सांगितलं, पण ते शेवटी. आधी तिने कोणाला कळू दिलं नाही. मला रोज म्हणायची, "काही नाही, थकवा आहे." तेरावं झाल्यावर मी तिची पेटी उघडली. तिचे स्वतःचे ब्लाउज मी उलटे करून पाहिले, जन्मात पहिल्यांदा. सगळे आत घेतलेले. आधी एक बोट, मग दोन, मग तीन. इतके बारीक, सरळ टाके की बाहेरून काही दिसू नये. दुनियेचं अंग तिला दिसायचं, आणि तिचं अंग तिच्या शेजारी मशीन चालवणाऱ्याला दिसलं नाही. पँटी शिवणारा माणूस मी.

त्यानंतर मी दुकान उघडायचो आणि बसायचो. आमचा मुलगा नोकरीला भिलाईला होता, तो पत्र लिहायचा, मी कार्ड टाकायचो, माझी तब्येत ठीक आहे. सिंधूताई डबा पाठवायच्या, मी अर्धा गाईला घालायचो.

सहा महिने झाले असतील. थंडीचे दिवस, दुपारची वेळ. दारात एक बाई उभी. अंगाने चांगली भरलेली, साडीवर स्वेटर, पायात बूटमोजे. मी काही म्हणायच्या आधी तिची नजर माझ्या खांद्यांवरून खाली उतरली आणि मग तोंडावर आली. मी उठून उभा राहिलो.

"मास्टर, मी कुसुम."

मी खुर्ची दिली. ती बसली नाही. पिशवीतून एक ब्लाउज काढून माझ्यापुढे धरला. "मावशी गेल्या ते सिंधूताईनं कळवलं होतं. तरी आणला. आता कोणाले दाखवू?"

मला ब्लाउजमधलं काय कळतं. पण मी तो घेतला आणि उलटा केला. दोन्ही बाजूंच्या टिपा उसवून सोडलेल्या होत्या, पार कापडाच्या काठापर्यंत. आत सोडलेलं दोन बोटं कापड सगळं कामी आलं होतं. पुढे सोडायला काही उरलंच नव्हतं. मी म्हटलं, "बाई, भरून दाखवलं तू."

ती हसली आणि तिचे डोळे भरले. मग पुढे होऊन तिने माझ्या शर्टाची बाजू चिमटीत धरली, दुसऱ्या हाताने दुसरी बाजू.

"आणि हे काय, मास्टर? दोन्हीकडून दोन बोटं. जेवत नाही काय?"

मी म्हणालो, "नाही जेवत." सहा महिन्यांत पहिल्यांदा खरं बोललो.

तिने स्वेटर काढून खुर्चीवर टाकला आणि आत जाऊन पिठाचा डबा शोधला. झुणका केला, भाकरी थापल्या. तिकडे राहून हात बिघडला होता तिचा, भाकर जाड झाली होती. मी दोन खाल्ल्या. ती समोर बसून पाहत होती, तिसरी वाढली, तीही खाल्ली. दिवे लागायच्या आधी ती हिंगणघाटच्या गाडीला गेली. ब्लाउज ठेवून गेली.

दुसऱ्या दिवशी मी तो शर्ट मशीनवर घेतला. शिंप्याच्या अंगावर ढगळ शर्ट बरा दिसत नाही. दोन बाजूंना दोन टिपा, किती वेळ लागतो? दोरा ओवला, कापड सुईखाली धरलं. मग काढून घेतलं आणि खुंटीला अडकवलं. म्हटलं, राहू दे. भरन.