दोन माणसांची मोटार

रोज सकाळी आमचे मोटारवाले डॉक्टर पहिली छाती तपासायचे ती मोटारीची. ओसरीवर रोगी खोकत बसलेले असायचे आणि हे गळ्यातली नळी बॉनेटला लावून, डोळे मिटून उभे. "आज घरघर जास्त आहे," असं म्हणून मान हलवायचे आणि मग ओसरीकडे वळायचे. रोग्यांच्याही ते अंगवळणी पडलं होतं. एखादी म्हातारी विचारायची, "काय म्हणती डाक्टर तुमची मोटार? बरं हाय का तिला?" डॉक्टर गंभीर चेहऱ्यानं सांगायचे, "पथ्य पाळत नाही."

निजामाच्या राज्याची ती शेवटची वर्षं. मी हैदराबादहून बी. ए. होऊन नांदेडच्या शाळेत मास्तर झालो होतो. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. आमचा बा अंगठा उठवणारा माणूस. त्यामुळे माझी मान जरा ताठ असायची, आणि ती ताठ असायलाच पाहिजे होती असं मला आजही वाटतं. डॉक्टरांच्या घराची रस्त्याकडची खोली मी भाड्यानं घेतली होती. ते मला नावानं कधी हाक मारत नसत. "चला ग्रॅज्युएट," म्हणायचे. त्यात चेष्टा थोडी आणि कौतुक जास्त असायचं, कारण ते स्वतः लातूरच्या एका आडतीवरच्या दिवाणजीचे चिरंजीव. शिकण्याला काय पडतं हे त्यांना ठाऊक होतं.

मोटार त्यांनी हैदराबादेत शिकताना पाहिली होती. एका नवाबाच्या पोराची. लांब नाकाची, बुटकी, बिनछपराची, शर्यतीत पळवायची विलायती गाडी. दोन माणसं बसली की संपली. पोराचा शौक फिटला, गाडी जुनी झाली, तेव्हा डॉक्टरांनी ती घेतली आणि स्वतः चालवत नांदेडला आणली. एकदा मला म्हणाले, "लग्न वडिलांनी ठरवलं, शिक्षण सरकारी वजिफ्यावर, शिष्यवृत्तीवर झालं, धोतराचं पानसुद्धा घरात दुसरेच निवडतात. माझ्या पसंतीची आयुष्यात ही एवढी एकच वस्तू आहे, ग्रॅज्युएट."

आणि ती वस्तू सारखी मोडायची. लढाईचे दिवस, टायर मिळत नव्हते, सुटे भाग सिकंदराबादेहून यायचे तर यायचे. करीम मिस्त्री आठवड्यातून एकदा तरी तिच्या पोटाखाली झोपलेले असायचे. बैलगाडीच्या धावेचं लोखंड, पाणी ओढायच्या मोटेचं चामडं, काय काय त्यांनी तिच्यात बसवलं होतं. तिला कोणी जुनी म्हटलं की मिस्त्री खालूनच ओरडायचे, "पुरानी कैसी, मियाँ? इसमें पुराना कुछ बचाइच नहीं!" डॉक्टर खो खो हसायचे.

हिमायतनगरचे एक सागवानाचे गुत्तेदार, म्हणजे ठेकेदार, होते. त्यांच्याकडे मोठी पेटीसारखी बंद मोटार होती, आणि त्यांच्या मुलाला डॉक्टरांच्या गाडीचं वेड लागलं होतं. गुत्तेदार एकदा घरी येऊन म्हणाले, "डॉक्टरसाहेब, सरळ अदलाबदल करू. माझ्या गाडीचं मागचं बाकडं काढलं तर अख्खी बाज मावते. तुमच्या धंद्याला तीच बरी." डॉक्टरांनी चहा पाजला, पान दिलं आणि सांगितलं, "एवढा क्लच नवा बसवतो, मग ठरवू." क्लचनंतर स्प्रिंगचे पाटे आले, पाट्यांनंतर रेडिएटर. प्रत्येक वेळी तेच: एवढं एक होऊ द्या, मग ठरवू.

मी स्पष्ट बोलणारा माणूस. मी त्यांना सांगितलं, "ही तुमची हौस आहे, डॉक्टर. रोग्याला हिचा उपयोग काय?" ते चिडले. म्हणाले, "त्या मुदखेडच्या साप चावलेल्या माणसाला विचारा. गुत्तेदारांच्या त्या डबड्यातून गेलो असतो तर त्याच्या दहाव्यालाच पोचलो असतो." ते खरं होतं. रस्ता मोकळा असला की ती गाडी जी पळायची, तशी त्या भागात दुसरी पळत नव्हती, आणि तिच्या पळण्यानं वाचलेली माणसं मी पाहिली होती. म्हणून मीही तो विषय सोडला.

अडचण बायकांची होती. आमच्याकडच्या खेड्यात बाई परक्या पुरुषाच्या शेजारी एकटी बसून जाणार नाही, मग जीव गेला तरी चालेल. सोबतीण पाहिजे. आणि मोटार तर दोन माणसांची. डॉक्टरांनी त्यावरही दुरुस्तीच शोधली. मागच्या डिकीवर एक फळी दोरखंडानं बांधली. बाई पुढं बसायची आणि तिची सासू नाहीतर आई फळीवर, मागं तोंड करून, दोराला धरून, धुळीत. इस्लापूरची एक म्हातारी अशी सबंध रस्ता बसून आली. उतरवून घेताना मी विचारलं, "काय आजी, भ्या वाटलं का?" म्हातारी डोळ्यातली धूळ पुसत म्हणाली, "भ्या न्हाई रं. पर म्होरचं कायबी दिसंना. नुसतं गेलेलंच दिसून राहिलं." डॉक्टरांना ते इतकं आवडलं की आल्यागेल्याला सांगायचे. फळीनं भागलं असं त्यांना वाटलं. बसता येणाऱ्या बाईपुरतं भागतही होतं.

वैशाखात एका पहाटे आमच्या गावाहून माणूस आला. आमचं गाव नायगावच्या अलीकडे. माझी वहिनी अडली होती. सुईणीनं हात टेकले होते. डॉक्टर तसेच उठले. उजाडायच्या आत आम्ही गावात होतो, इतकी त्यांनी गाडी पळवली. आत जाऊन आले ते हात पुसत. दादाला, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला, म्हणाले, "मूल आडवं आहे. नांदेडला नेऊन टेबलावर घ्यावं लागेल. आत्ताच."

वहिनीला आम्ही उचलून बाहेर आणलं. त्या बुटक्या खोलगट सीटवर तिला बसवायचा प्रयत्न केला. एकदा केला, दुसऱ्यांदा उशा लावून केला. तिला वाकता येत नव्हतं, कलता येत नव्हतं, पाय लांब करायला जागा नव्हती. माय म्हणाली, "नका रं तिला चेमटू." घामानं निथळलेली वहिनी माझ्याकडं बघून एवढंच म्हणाली, "भावजी, मोटार लई झ्याक हाय. पर माझ्या मापाची न्हाई."

शेवटी दादानं बैलगाडी जुंपली. तिची बाज गाडीवर बांधली, बाजेवर तिला निजवलं, माय उशाला बसली. आणि आम्ही निघालो: पुढं बैलगाडी आणि तिच्यामागं, बैलांच्या चालीनं, त्या मुलखातली सगळ्यात वेगवान मोटार. मी डॉक्टरांच्या शेजारी होतो. थोड्या थोड्या वेळानं ते मोटार थांबवून उतरायचे, धावत बैलगाडीवर चढायचे, नाडी बघायचे, परत यायचे. ऊन चढलं. पळण्यासाठी केलेलं ते इंजिन हळू चालून चालून उकळलं, नाकातून वाफा निघाल्या आणि ते बंद पडलं. डॉक्टर सवयीनं पुढं गेले आणि दादाला म्हणाले, "तो पाण्याचा डेरा जरा द्या."

दादानं बैल थांबवले. वळून बघितलं. "पाणी तिला का मोटारीला, डाक्टर?"

डॉक्टर मोटार तिथंच रस्त्यात सोडून बैलगाडीवर चढले. मी चालत राहिलो. दुपार कलताना वहिनी गेली. तेव्हा नांदेडची नदी अजून दिसतही नव्हती. दादा खाली उतरला, जू धरून बैल फिरवले आणि गाडी परत गावाकडं लावली. डॉक्टर तिच्यामागं आमच्या गावापर्यंत पायी आले आणि सरण विझेपर्यंत मसणवट्यात उभे राहिले. गावातलं कोणी त्यांच्याशी बोललं नाही.

अडून गेलेल्या बाईची बाज आमच्याकडं घरात ठेवत नाहीत. शिवेबाहेर टाकतात, तिला कोणी जळणाला सुद्धा हात लावत नाही. तिसऱ्या दिवशी डॉक्टर मायसमोर आले, खाली बसले आणि म्हणाले, "ती बाज मला द्या." माय त्यांच्याकडं बघतच राहिली. मग म्हणाली, "न्या."

गुत्तेदारांकडं त्यांनी निरोप धाडला होता. पण मुलाला तोवर दुसरी मोटार आली होती आणि मोठी गाडी विकून झाली होती. डॉक्टरांनी करीम मिस्त्रींना बोलावलं. मागचा भाग कापायचा, डावी सीट उपटायची, तिथं बाज बसवायची. मिस्त्री ऐकून मागं सरले. "नहीं डाक्टरसाब. इसपे मेरा हाथ नहीं उठता." तेव्हा डॉक्टरांनी करवत स्वतः घेतली. पत्रा कापताना जो आवाज झाला तो ऐकून शेजारपाजारची माणसं गोळा झाली. अर्ध्यात मिस्त्रींनीच त्यांच्या हातातून करवत काढून घेतली आणि काम पुरं केलं. ते झाल्यावर त्या गाडीकडं बघवत नव्हतं. पुढून नवाबाच्या पोराची आणि मागून तिरडीसारखी. पोरं तिला खाटमोटार म्हणायची. त्या दिवसापासून डॉक्टरांनी सकाळी बॉनेटला नळी लावणं बंद केलं.

पण त्या बाजेवर कोणी बाई निजेना. बाज कोणाची ते गावोगाव झालं होतं. बाया कळा देत, ओठ चावत म्हणायच्या, मरण आलं तर इथंच येऊ द्या, पण त्या बाजेवर नको. मी डॉक्टरांना सांगितलं, दुसरी बाज बसवा, ही कसली जिद्द? ते म्हणाले, "दुसरी बसवली तर मी विसरेन." मी म्हणालो, "तुम्ही विसरू नये म्हणून त्यांनी मरायचं का?" तरीही ते बाज बदलू शकले नाहीत. हा माणूस असा होता. मोटार सोडवेना म्हणून एक बाई गेली, आणि आता बाज सोडवेना.

ती गाठ सोडवली आमच्या मायनं. थंडीत तिच्या छातीत कफ दाटला, ताप उतरेना. डॉक्टर घेऊन जायला आले तेव्हा अख्ख्या आळीच्या बाया दारात उभ्या होत्या. कोणी तरी म्हणालं, "मावशे, त्याच्यावर नको गं." माय धापा टाकत मोटारीपाशी गेली, बाजेच्या लाकडी गातावर हात फिरवला आणि मोठ्यानं म्हणाली, "माझ्या सुनेची बाज हाय. जिती असताना तिनं मला कधी उलटं बोललं न्हाई, आता काय करंल?" आणि आडवी झाली. माय बरी होऊन त्याच बाजेवरून परत आली, तेव्हा तिनं मोटार मुद्दाम वेशीपाशी थांबवायला लावली आणि चालत घरी गेली, सगळ्यांना दिसावं म्हणून. त्यानंतर बाया येऊ लागल्या. दादा मात्र डॉक्टरांशी बोलला नाही. ते आले की तो गोठ्यात जायचा.

डॉक्टर जाऊन आता बरीच वर्षं झाली. विषमज्वराची साथ निस्तरताना त्यातच गेले. पण ते आठवले की मला त्यांचं मरण आठवत नाही, ती वाट आठवते.

निजामाचं राज्य जायच्या आधीच्या धामधुमीची गोष्ट. लोक घरं सोडून निजामाच्या हद्दीपलीकडं निघाले होते. आमच्या गावाच्या पलीकडं एक बाई अडल्याचा निरोप आला, म्हणून मी आणि डॉक्टर निघालो. आमच्या शिवेजवळ बंदूकवाल्यांच्या टोळीनं आम्हाला अडवलं. त्यांना मोटार पाहिजे होती. मी डॉक्टरांकडं पाहिलं. क्लच होऊ द्या, पाटे होऊ द्या म्हणत वर्षानुवर्षं जो निर्णय या माणसाला घेता आला नव्हता, तो त्यांनी एका श्वासात घेतला. खाली उतरले आणि म्हणाले, "मोटर ले जाव. ये बाज खोलने देव." टोळीतला एकजण हसला, "डाक्टर दीवाना है." आम्ही दोर सोडले. मोटार धुरळा उडवत गेली. डॉक्टरांनी तिच्याकडं पाहिलंही नाही. बाजेच्या दोराच्या गाठी आवळत होते.

बाज दोघांनी डोक्यावर घेतली आणि आमच्या घरापाशी आलो. दादा अंगणात चऱ्हाट वळत होता. त्यानं बाज पाहिली. माझ्याकडं पाहिलं. डॉक्टरांच्या धुळीनं भरलेल्या पायांकडं पाहिलं. चऱ्हाट बाजूला ठेवून उठला, गोठ्यात गेला. मला वाटलं, नेहमीसारखा गेला. तो बैल घेऊन बाहेर आला.

"कोन्या गावाला जायचं व्हतं, डाक्टर?"

डॉक्टरांनी गावाचं नाव सांगितलं. दादानं बाज स्वतःच्या हातानं गाडीवर बांधली, जिथं पूर्वी बांधली होती तिथंच. डॉक्टर बाजेवर बसले नाहीत. मागच्या कडेला, पाय खाली सोडून, मागं तोंड करून बसले.

त्या दिवशी दादानं बैल जसे पळवले तसे मी त्याला कधी पळवताना पाहिलं नाही. मूल गेलं. बाई वाचली.