हिरव्या पेटीतली गुलाबी काच

काचेची वस्तू घ्यायच्या आधी वसुधाकाकू ती उन्हात धरायच्या. मग साच्याच्या शिवणीवरून अंगठ्याचं नख फिरवायचं आणि विकणाऱ्याच्या तोंडावर निकाल द्यायचा, "नक्कल आहे. नक्षी बघ कशी बोथट!" तेही मराठीत. समोरचा जर्मन बिचारा मान डोलवायचा. काकूंबद्दल लिहायचं म्हणजे काकांवर चिडूनच लिहिलं जातं, त्याला माझा इलाज नाही.

आम्ही जर्मनीत वाल्डॉर्फला नवीन होतो, तेव्हा त्यांनीच मला हायडेलबर्गच्या जुन्या बाजारात नेलं. अमेरिकन लष्कर तिथून गाशा गुंडाळत होतं आणि सैनिकांच्या घरांतल्या रंगीत काचेच्या बशा-वाट्या टेबलांवर आल्या होत्या. गुलाबी, हिरव्या, मधाच्या रंगाच्या. "मंदीच्या दिवसांत अमेरिकेत ओट्सच्या डब्यात फुकट यायची गं ही," काकू सांगायच्या. "घरात खायची पंचाईत, पण ताटली गुलाबी!"

श्रीधरकाका, म्हणजे त्यांचे यजमान, सॉफ्टवेअरवाले आणि भयंकर शिस्तीचे. ते चिडवायचे, "फुकट वाटलेली काच ही पैसे मोजून आणते!"

"अहो, फुकट मिळाली म्हणून फेकली का कुणी? ऐंशी वर्षं जपलीय बायकांनी," काकू ठणकावायच्या.

काच नुसती शोभेला ठेवणं त्यांना मंजूर नव्हतं. दर शनिवारी त्यातून कुणाकडे तरी खाऊ जायचा. देताना दारातच बजावायच्या, "परत आणताना रिकामी आणायची नाही हं." आम्हा नोकरीवाल्यांना ते कुठलं जमायला! वाट्या महिनोन्महिने अडकायच्या आणि आम्ही बोलणी खायचो.

एका फेब्रुवारीत, दहा दिवसांच्या आजारात काकू गेल्या. महिन्याभराने भेटायला गेले, तर कपाट रिकामं.

"काका, काच कुठंय?"

"आल्टग्लासमध्ये टाकली."

रस्त्यावरच्या काचकचऱ्याच्या पेटीत! रविवारी तिथे काच टाकायची नाही, हा नियम पाळून सोमवारी सकाळी! "गुलाबीला वेगळी पेटी नसते, म्हणून हिरव्यात टाकली," हेही मला समजावून सांगितलं. त्या पेट्या बाटल्यांसाठी असतात, संसारासाठी नाही, एवढंही शिस्तीच्या माणसाला सुचू नये? माझं डोकंच फिरलं.

"बघवत नव्हतं गं," ते म्हणाले.

बघवत नव्हतं तर कपाटाला पडदा लावायचा! आम्हाला चार फोन करायचे! मी चहासुद्धा न घेता निघून आले.

ईस्टरनंतर एके सकाळी काका आमच्या दारात उभे. "मेधा, तिची एखादी वाटी राहिलीय का गं तुझ्याकडे?"

राहिली होती. गुलाबी, दिवाळीपासून अडकलेली. 'नाही' असं अगदी तोंडावर आलं होतं. पण त्यांना बसवलं, आत जाऊन शिरा केला, वाटी काठोकाठ भरली आणि त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती दोन्ही हातांनी धरली.

"धुऊन कपाटात ठेवतो," ते म्हणाले.

"कपाटात नाही ठेवायची. परत आणून द्यायची," मी म्हटलं. राग अजून गेला नव्हता. "आणि रिकामी आणायची नाही."